ऐकण्याची शिस्त

शाळेंत मुलांची उंची मोजतात, वजन मोजतात, डोळे तपासतात, आणि वर्षअखेर त्यांचें ज्ञानहि शंभरांपैकीं अमुक गुण असें मोजून प्रगतिपुस्तकांत लिहितात. हीं सर्व मापें उपयोगाचीं आहेत; त्यांची निंदा करण्याकरितां हा लेख लिहिलेला नाहीं. परंतु अलीकडे मनाचें आरोग्यहि अशाच रीतीनें, एका छापील कागदावर खुणा करवून घेऊन मोजतां येतें, अशी समजूत दृढ होऊं लागली आहे. ती समजूत अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग कोणता, तो मिळविण्यास काय करावें लागतें, आणि तो मिळविल्याविना आपण मुलांस किती दुरून पाहत असतों, हें विद्यार्थ्यांपुढें व विशेषेंकरून त्यांच्या पालकांपुढें मांडावें, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

प्रथम माझ्याच चुकीची हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या वर्गाचा वर्गशिक्षक होतों, त्या वर्गांत मनःस्वास्थ्याची एक प्रश्नावली वाटण्यांत आली. ‘तुम्हांस उदास वाटतें काय?’, ‘तुम्हांस भीति वाटते काय?’ असे वीस प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढें ‘कधींच नाहीं’, ‘क्वचित्’, ‘पुष्कळदां’, ‘नेहमीं’ असे चार रकाने. मुलांनीं दहा मिनिटांत कागद भरून दिले. मीं बेरजा केल्या, आणि ज्या मुलाची बेरीज सर्वांत कमी आली तो मुलगा सर्वांत सुखी, असें माझ्या मनानें घेतलें. तसें न घेण्यास कारणहि नव्हतें. तो शांत होता, वेळेवर येत असे, गृहपाठ कधीं चुकवीत नसे.

दोन महिन्यांनीं त्याची आई शाळेंत आली. ती म्हणाली, “सर, हा रात्रीचा झोंपत नाहीं हो. डबा तसाच परत आणतो. वर्गांत कांहीं झालें का?” मीं त्याला मधल्या सुट्टींत शिक्षकांच्या खोलींत बोलावून जवळ बसविलें व काय होतें म्हणून विचारलें. पुष्कळ वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “सर, डोकें थांबतच नाहीं. सारखें चालूच असतें.” मीं विचारलें, “मग त्या कागदावर तसें कां लिहिलें नाहींस?” तो म्हणाला, “त्या कागदांत तें नव्हतें. उदास वाटतें का, असें विचारलें होतें. मला उदास नाहीं वाटत, सर. डोकें थांबत नाहीं.”

या प्रसंगीं खोटें कोणीच बोललें नव्हतें. मुलानें प्रामाणिकपणें खुणा केल्या होत्या, कागद करणारानें प्रामाणिकपणें प्रश्न लिहिले होते, आणि माझी बेरीजहि चुकली नव्हती. तरी तिघांनीं मिळून एक असत्य निर्माण केलें होतें. कारण प्रश्न विचारणाराचे शब्द एक होते, दुःख भोगणाराचे शब्द दुसरे होते, आणि त्या दोहोंची कोणीं गांठ घालून दिली नव्हती.

ही अडचण केवळ आमच्या वर्गापुरती नाहीं. आफ्रिका खंडांतील झिंबाब्वे देशाच्या हरारे या राजधानींत १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत मुंबईंत जन्मलेले मनोरोगतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल काम करीत होते. युरोपांत तयार झालेल्या प्रश्नावल्या तेथील शोना भाषेंत उतरवून वापराव्या, हा सोपा मार्ग त्यांच्यापुढें होता. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. दवाखान्यांतील परिचारिका, परंपरेनें औषधोपचार करणारे वैदू व स्वतः रोगी यांना त्यांनीं विचारलें कीं, मनाच्या अशा त्रासाला तुम्ही काय म्हणतां, तो कशानें होतो, आणि तो कसा ओळखतां? त्या उत्तरांत एक शब्द पुनःपुन्हा आला. तो शब्द ‘कुफुंगिसिसा’ हा होय. फार विचार करणें, विचारांचें चक्र न थांबणें, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या मुलानें जें वाक्य उच्चारलें, तें समुद्रापलीकडे एका निराळ्या भाषेंत पूर्वींच रूढ होतें!

अशा शब्दांचा आधार घेऊन १४ प्रश्नांची एक शोना प्रश्नावली तयार झाली व ती १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. फार विचार करण्याविषयींचा प्रश्न तिच्यांत आहे. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. या मंडळींनीं प्रश्नावली टाकून दिली नाहीं; आधीं ऐकलें, आणि जें ऐकलें त्यांतून प्रश्नावली केली. आमच्या शाळेंत क्रम उलटा झाला होता.

या कथेचा पुढील भागहि सांगण्यासारखा आहे. २००६ सालीं त्याच हरारे शहरांत डॉ. डिक्सन चिबांदा यांनीं आरोग्यसेविकेचें काम करणाऱ्या १४ आजीबाईंना हाताशीं धरून एक उपक्रम आरंभिला. दवाखान्याच्या आवारांत एक लांकडी बाक ठेवावयाचा, त्यावर आजीनें बसावयाचें, आणि ज्याचें मन जड झालें असेल त्यानें तिच्याशेजारीं बसून बोलावयाचें, एवढीच ती योजना. प्रारंभीं डॉक्टरांनीं त्यास मानसिक आरोग्याचा बाक असें नांव दिलें, तेव्हां त्यावर बसावयास कोणी येईना. मानसिक हा शब्द कानीं पडतांच लोक बिचकत. आजींनीं सांगितलें कीं हें नांव बदला. आणि शोना भाषेंत ‘विचारविनिमयाचा बाक’ अशा अर्थाचें नांव त्यास मिळालें. बाहेरच्या जगांत तो ‘मैत्रीचा बाक’ म्हणून ओळखला जातो. हरारेमधील २४ दवाखान्यांतील ५७३ रोग्यांवर घेतलेल्या चांचणीचा निकाल २०१६ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, आजींचें साहाय्य मिळालेल्यांचा त्रास इतरांच्या मानानें पुष्कळच कमी झालेला आढळला. आणि हें मोजमाप त्याच १४ शोना प्रश्नांनीं केलें गेलें. शब्दांनीं वाट दाखविली आणि अंकांनीं ती वाट बरोबर असल्याची साक्ष दिली, असा हा दोहोंचा उत्तम मेळ आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यांतहि याच विचाराचें काम झालें आहे. डॉ. पटेल व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं तेथें ‘संगाथ’ ही संस्था काढली. डॉक्टर नसलेल्या, परंतु रीतसर शिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनीं दवाखान्यांत येणाऱ्या खिन्न व चिंताग्रस्त लोकांचें ऐकून त्यांस मार्ग दाखवावा, असा ‘मानस’ नांवाचा प्रयोग गोव्यांतील सरकारी व खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या दवाखान्यांत झाला, आणि त्याचा वृत्तान्त २०१० सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यांत त्याचा चांगला उपयोग झाला. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसून आला नाहीं. ही दुसरी गोष्ट संशोधकांनीं झांकून ठेविली नाहीं. मला तर पहिल्या यशाइतकेंच हें दुसरें सांगणेंहि मोलाचें वाटतें. कां वाटतें, तें पुढें येईलच.

कोणी म्हणेल, हे सर्व आजाऱ्यांचे विषय झाले. शाळेशीं त्यांचा संबंध काय? तर एक उदाहरण शाळेंतलेंच घेऊं. १९०५ सालीं पॅरिस येथें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं मुलांची बुद्धि मोजण्याची कसोटी प्रसिद्ध केली. पुढें सुमारें १९२० सालीं झां पियाजे नांवाचा एक स्विस तरुण तेथें काम करण्यास आला. सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें केलेले तर्काचे प्रश्न पॅरिसच्या मुलांना घालून त्यांचीं बरोबर उत्तरें किती येतात हें पाहावयाचें, असें काम सिमाँ यांनीं त्याजकडे सोंपविलें. पियाजेचें लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे वेधलें. एकाच वयाचीं मुलें एकाच प्रकारें कां चुकतात, हें कोडें त्याला पडलें. तो मुलांशीं बोलूं लागला. असें तुला कां वाटलें, हें तूं कसें ठरविलेंस, असे प्रश्न विचारून मुलाच्या उत्तरामागून तो चालत गेला. ज्या उत्तरांवर इतरांनीं शून्य गुण देऊन पान उलटलें असतें, त्यांतूनच मूल विचार कसा करतें याविषयींचें नवें शास्त्र उभें राहिलें. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर रोज तांबड्या फुल्या मारणाऱ्या आम्हां शिक्षकांस हें उदाहरण कायमचें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे, कारण तो वाजवी आहे. अंक हे पक्के असतात, शब्द निसरडे असतात. एकानें ऐकलेलें दुसऱ्यानें तसेंच ऐकलें असतें कशावरून? मग अशा ज्ञानावर विश्वास कसा ठेवावा?

प्रथम अंकांच्या पक्केपणाविषयीं. वर ज्यांचें नांव आलें त्या सिरिल बर्ट यांनीं एकमेकांपासून दूर वाढलेल्या जुळ्या भावंडांच्या बुद्धीचें साम्य एका अंकानें दाखविलें होतें. १९५५ सालीं जुळ्यांच्या जोड्या २१ होत्या, १९६६ सालीं त्या ५३ झाल्या; परंतु तो अंक दशांश चिन्हापुढील तीन स्थळांपर्यंत ०.७७१ असाच राहिला! बर्ट १९७१ सालीं वारले. १९७४ सालीं लिओन कामिन या मानसशास्त्रज्ञानें हा योगायोग अशक्यप्राय असल्याचें दाखवून दिलें, आणि त्यानंतर मोठा वाद माजला. बर्ट यांची बाजू घेणारेहि पुढें निघाले. पण ते जुळ्यांचे अंक आधार म्हणून कोणी वापरीनासें झालें. तात्पर्य, अंक लिहिला म्हणजे सत्य लिहिलें, असें होत नाहीं.

परंतु म्हणून शब्द आपोआप खरे ठरतात, असेंहि नव्हे. १९७३ च्या जानेवारींत डेव्हिड रोझेनहान या अमेरिकन प्राध्यापकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. आठ निरोगी माणसें १२ मनोरुग्णालयांत गेलीं. आपणांस आवाज ऐकूं येतात, असें खोटें त्यांनीं सांगितलें. आंत घेतल्यावर तीं नेहमींप्रमाणें वागूं लागलीं. तरी डॉक्टरांनीं त्यांस ओळखलें नाहीं, आणि सरासरी १९ दिवस तीं आंत राहिलीं, असा त्यांत वृत्तान्त होता. त्या लेखानें मोठी खळबळ उडाली व मनोरुग्णांना मिळणाऱ्या वागणुकीविषयीं विचार सुरू झाला, हें चांगलेंच झालें. परंतु २०१९ सालीं सुझाना कहालन या लेखिकेनें आपल्या ग्रंथांत त्या संशोधनाची तपासणी प्रसिद्ध केली. रोझेनहान स्वतः एका रुग्णालयांत गेले होते. तेथील कागदांवरून असें दिसलें कीं, लेखांत लिहिल्यापेक्षां पुष्कळ अधिक व गंभीर लक्षणें त्यांनीं डॉक्टरांस सांगितलीं होतीं. शिवाय हॅरी लँडो नांवाचा एक नववा मनुष्यहि होता. त्याला रुग्णालयांत बरा अनुभव आला होता. आणि त्याचा अनुभव निष्कर्षांतून वगळण्यांत आला होता. उरलेल्यांपैकीं बहुतेकांचा तर शोध घेऊनहि पत्ता लागला नाहीं.

येथें दोष ऐकण्याच्या पद्धतीचा नव्हे. जें आपल्या मताविरुद्ध गेलें तें गाळलें, आणि आपण कोणत्या वाटेनें निष्कर्षास पोंचलों ती वाट दुसऱ्यास तपासतां येईल अशी ठेवली नाहीं, हा दोष आहे. गोव्यांतील संशोधकांनीं खाजगी दवाखान्यांतील अपयश लिहून ठेविलें, याचें महत्त्व आतां वाचकांस कळून येईल.

तेव्हां ऐकण्यालाहि शिस्त पाहिजे. ती शिस्त कोणती, याचा विचार शास्त्रज्ञांनीं बारकाईनें केला आहे. इव्होना लिंकन व ईगोन गूबा या दोघांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शब्दांवर उभारलेल्या संशोधनाच्या चार कसोट्या सांगितल्या. त्या साध्या भाषेंत अशा मांडतां येतील. पहिली, आपण जें लिहिलें तें सांगणाराला आपलें म्हणून पटतें काय? दुसरी, प्रसंगाचें वर्णन इतकें पुरतें आहे काय कीं, तें आपल्या ठिकाणीं कितपत लागू पडेल हें वाचणारास ठरवितां यावें? तिसरी, कामाची प्रत्येक पायरी नोंदलेली आहे काय? आणि चौथी, निष्कर्ष सांगणाऱ्याच्या बोलण्यांतून निघाला आहे कीं ऐकणाऱ्याच्या आवडीनिवडींतून?

या कसोट्यांचें एक घरचें उदाहरण देण्याजोगें आहे. पहांटे जात्यावर दळतां दळतां आपल्या आज्यापणज्यांनीं आपलें सुखदुःख ओव्यांत ओतलें. सासुरवास, भावाची वाट, लेकीची पाठवणी, हें सर्व ज्या माणसांपुढें बोलतां येत नसे, तें त्या जात्यापुढें बोलत. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर या दोघांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत जाऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नुसत्या ओव्या गोळा करून ते थांबले नाहींत. ओवी कोणीं गायिली, ती बाई कोणत्या गांवची, हेंहि त्यांनीं नोंदलें. आणि गाणारणींकडूनच अर्थ समजून घेतला. आज कोणाला शंका आली तर त्या नोंदीच्या मागानें मूळ गळ्यापर्यंत जातां येतें. कसोट्यांचीं नांवें अवघड असलीं तरी त्यांतला आशय हाच आहे.

आतां हीच शिस्त घरांत व वर्गांत कशी पाळावी, तें सांगतों. आणि त्याकरितां पुनः त्या मुलाकडे वळतों. “डोकें थांबत नाहीं” हें वाक्य ऐकून मीं लागलींच ठरविलें कीं, याला परीक्षेची भीति वाटते. परीक्षा जवळ आली होती, व मी शिक्षक होतों; शिक्षकाला दुसरें काय सुचणार? त्याच्या आईला मीं तसेंच सांगितलें असतें. पण सुदैवानें आधीं त्यालाच विचारलें, “तुला परीक्षेची भीति वाटते, असें मी समजलों. बरोबर ना?” तो म्हणाला, “परीक्षेची नाहीं, सर. बाबांचें दुकान चालत नाहीं. मी नापास झालों तर भरलेली फी फुकट जाईल. रात्रीं मी तोच हिशेब करतों.” मी माझ्या पहिल्या समजुतीवर थांबलों असतों, तर त्याला जादा अभ्यास दिला असता, आणि त्याच्या रात्रीच्या हिशेबांत आणखी भर पडली असती. म्हणून पहिला नियम हा कीं, जें समजलें तें सांगणाऱ्यापुढें ठेवून, हेंच म्हणावयाचें होतें काय, असें विचारावें. आणि तो नाहीं म्हणाला तर रागावूं नये.

दुसरा नियम, आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट मुद्दाम शोधावी. मीं त्याला विचारलें, “डोकें कधींच थांबत नाहीं का?” क्षणभर विचार करून तो म्हणाला, “चित्र काढतांना थांबतें.” हें उत्तर मिळालें नसतें तर त्याचें सगळें मनच आजारी आहे असें मीं मानलें असतें. त्या एका उत्तरानें त्याला धीर देण्याची जागा सांपडली.

तिसरा नियम, मुलाच्या तोंडांत आपले शब्द घालूं नयेत. “तूं अभ्यासाला कंटाळला आहेस ना?” या प्रश्नाला मूल ‘हो’ म्हणेल, कारण ‘हो’ म्हटल्यानें प्रश्न संपतो. “आजचा दिवस कसा गेला तें सांग” असें म्हटल्यास त्याला स्वतःचे शब्द शोधावे लागतात. पुष्कळ पालक तक्रार करितात कीं, मुलाला काय झालें म्हणून विचारलें तर तो ‘कांहीं नाहीं’ एवढेंच म्हणतो. हें ‘कांहीं नाहीं’ पुष्कळदां उत्तर नसतें. ऐकणारास सवड आहे कीं नाहीं, याची ती परीक्षा असते. एका बैठकींत मनाचा तळ लागत नाहीं. म्हणून चौथा नियम, पुनः पुनः बसावें, व दर वेळीं प्रश्नच विचारावे असें नाहीं. शेंगा सोलतांना, कपड्यांच्या घड्या घालतांना, स्टेशनपर्यंत बरोबर चालतांना मुलें जें बोलतात, तें समोर बसवून विचारल्यास बोलत नाहींत.

पांचवा नियम, ऐकलेलें व अनुमानलेलें वेगळें ठेवावें. “तो म्हणाला कीं झोंप येत नाहीं” हें ऐकलेलें. “त्याला अभ्यास नको आहे” हें आपलें अनुमान. घरांत निम्मीं भांडणें या दोहोंची सरमिसळ झाल्यानें होतात. आणि सहावा नियम, विश्वासानें सांगितलेलें चव्हाट्यावर नेऊं नये. मुलानें रात्रीं सांगितलेली गोष्ट सकाळीं पाहुण्यांपुढें हंसत सांगितली गेली, कीं तें दार पुढें कित्येक वर्षें उघडत नाहीं.

परंतु या सहाव्या नियमाला एक अपवाद आहे, आणि विद्यार्थिमित्रांनो, तो तुम्हीं नीट ध्यानांत ठेविला पाहिजे. तुमचा मित्र किंवा मैत्रीण जर जगणें नको झालें असें बोलूं लागली, तर तें गुपित राखणें ही मैत्री नव्हे. त्याच दिवशीं एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगा. आणि तोंपर्यंत मित्राला एकटें सोडूं नका. ऐकणें तुमचें काम आहे, उपचार करणें तुमचें काम नव्हे. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, आपल्या भाषेंत बोलतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें तर सरकारी मनोपचार मिळण्याचा प्रत्येकाला हक्कच दिला आहे. दांत दुखला तर दंतवैद्याकडे जाण्यांत लाज नाहीं. मन दुखलें तर तज्ज्ञाकडे जाण्यांतहि नसावी. ऐकणारानें आपल्या शक्तीची सीमा ओळखणें हाहि ऐकण्याच्या शिस्तीचाच भाग आहे.

शाळांना माझी एक लहानशी सूचना आहे. प्रश्नावल्या वाटाव्या, त्यांनीं एका तासांत सगळ्या वर्गावर नजर फिरते, व हा लाभ थोडा नव्हे. परंतु त्या वाटण्यापूर्वीं आपल्याच मुलांना विचारावें कीं, मन बरें नसलें म्हणजे तुम्ही काय म्हणतां? कोणी म्हणेल ‘टेन्शन आलें’, कोणी म्हणेल ‘छातींत धडधडतें’, कोणी म्हणेल ‘कशांतच लक्ष लागत नाहीं’. ते शब्द कागदांत यावेत. कागदाच्या शेवटीं चार ओळी कोऱ्या ठेवाव्या, आणि ‘येथें जें विचारलें नाहीं तें लिहा’ एवढेंच वर छापावें. आणि बेरीज कितीहि कमी आली, तरी प्रत्येक मुलाशीं वर्षांतून एकदां तरी वर्गशिक्षकानें निवांतपणें बोलावें. याला पैसा लागत नाहीं. वेळ मात्र लागतो, आणि वेळ देणें हें पैसा देण्याहून कठीण आहे हें मी जाणतों.

त्या मुलाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. त्याच्या वडिलांनीं एका रविवारीं त्याला दुकानांत नेऊन जमाखर्चाची वही उघडून दाखविली, आणि शाळेच्या फीची तरतूद कोठून केली आहे हें समजावून दिलें. मुलाच्या मनांतील हिशेब वडिलांच्या वहींतील हिशेबाहून फार मोठा होता. त्यानंतर झोंप एकदम आली असें नाहीं, हळूहळू आली. आज तो कॉलेजांत शिकत आहे.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं त्याला पाठवून त्याची परवानगी मागितली, कारण गोष्ट त्याची आहे. त्यानें परवानगी दिली, पण एक दुरुस्ती सुचविली. ‘पुष्कळ वेळ तो गप्प होता’ असें मीं वर लिहिलें आहे. त्यानें कळविलें, “सर, मी गप्प नव्हतों. मी आल्याबरोबर एकदां सांगितलें होतें. तुम्ही वह्या तपासत होतां.” मला तें मुळींच आठवत नाहीं. परंतु त्याला आठवतें, आणि बोलणारा तो होता. म्हणून माझें वाक्य तसेंच ठेवून त्याची दुरुस्ती येथें नोंदवीत आहें. पालकांनीं व माझ्या शिक्षकबंधुभगिनींनीं मुलांशीं बोलावयास बसतांना हातांतलें काम आधीं बाजूला ठेवावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.